बागा आणि किल्ले एकाच सहलीत: चौदा ठिकाणांचा बेत कसा आवरायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अठरा जणांचा गट, वयं पंचावन्न ते चौऱ्याहत्तर. निम्म्यांना बागांचं वेड, उरलेल्यांना किल्ले आणि राजघराण्यांचा इतिहास. जूनमध्ये इंग्लंडला दहा दिवस. एजंटने लंडन ते एडिंबरा अशी चौदा ठिकाणं लिहून दिली आहेत. हे झेपेल का, आणि दोन्हीकडची मंडळी खूश कशी राहतील?

चौदा ठिकाणं ‘होतील’. म्हणजे चौदा ठिकाणी बस थांबेल, फोटो निघतील आणि पुन्हा बसमध्ये बसायची हाक येईल. लंडन ते एडिंबरा रस्त्याने साधारण साडेसहाशे किलोमीटर आहे. त्या एका ओढीपायी तुमचे दोन दिवस खिडकीतून मोटरवे बघण्यात जातील. माझा सल्ला सरळ आहे: स्कॉटलंड या वेळी काढून टाका आणि लंडनच्या आग्नेयेला केंट आणि ईस्ट ससेक्स या दोन परगण्यांतच राहा. टनब्रिज वेल्ससारख्या गावात सलग पाच-सहा रात्री एकाच हॉटेलात मुक्काम करा. सिसिंगहर्स्ट, ग्रेट डिक्सटर, हीव्हर, स्कॉटनी, बोडियम, लीड्स कॅसल हे सगळं तिथून तासाभराच्या आत आहे. रोज बॅगा भरायच्या नाहीत, हा साठीपुढच्या गटासाठी केवढा मोठा फायदा आहे ते तिसऱ्या दिवशी कळतं.

आता बेत कशावरून ठरवायचा? बहुतेक एजंट नकाशावरून ठरवतात. मी कॅलेंडरवरून ठरवतो, आणि तेही बागांच्या. किल्ला सहाशे वर्षं उभा आहे, तो मंगळवारी पाहिला काय आणि शुक्रवारी पाहिला काय, सारखाच. बागेचं तसं नाही. सिसिंगहर्स्टच्या जुन्या जातीच्या गुलाबांपैकी बरेचसे वर्षातून एकदाच फुलतात, साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. दोन आठवडे आधी गेलात तर कळ्या, दोन आठवडे उशिरा गेलात तर जमिनीवर पाकळ्या. म्हणून आधी बागांचे आठवडे आणि वार पक्के करायचे, मग उरलेल्या जागांत किल्ले बसवायचे. उलट केलंत तर इतिहासवाल्यांना सगळं मिळतं आणि बागवाल्यांना हिरवी पानं.

तुमच्यासाठी जूनचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम. मेच्या अखेरीस जायचा मोह होतो, कारण तेव्हा चेल्सीचं फुलांचं प्रदर्शन नुकतंच झालेलं असतं आणि ऱ्होडोडेंड्रॉनची फुलझुडपं भरात असतात. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते, त्यातच बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा, सोमवार येतो, आणि हीव्हरसारख्या ठिकाणी मुलाबाळांची जत्रा भरते. शिवाय चेल्सीच्या दिवसांत लंडनमधली हॉटेलं महाग होतात ती वेगळीच.

वारांचं म्हणाल तर दोन गोष्टी आधी लिहून ठेवा. ग्रेट डिक्सटर सोमवारी बंद असतं (बँक हॉलिडे सोडून) आणि विंडसर कॅसल साधारणपणे मंगळवार-बुधवार बंद असतो. एवढ्यावरूनच निम्मा बेत आपोआप जमतो. खाजगी मालकीच्या किल्ल्यांत अधूनमधून लग्नं, संगीताचे कार्यक्रम असतात आणि काही भाग बंद ठेवतात, तेव्हा तारखा ठरवण्याआधी प्रत्येक ठिकाणचं त्या महिन्याचं वेळापत्रक बघायलाच हवं.

सिसिंगहर्स्टला जवळजवळ पूर्ण दिवस द्या. पूर्ण नाव सिसिंगहर्स्ट कॅसल असलं तरी तिथे किल्ला शोधू नका, हे इतिहासवाल्या मंडळींना बसमध्येच सांगून टाका, नाहीतर गेटवरच हिरमोड होतो. तिथे होता तो पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला मोठा वाडा. अठराव्या शतकात सात वर्षांच्या युद्धात तिथे फ्रेंच कैदी डांबले, त्यांनी आत जे मिळेल ते मोडून जाळलं, आणि पुढे १८०० च्या सुमारास बराचसा वाडा पाडला गेला. उरला तो एक विटांचा मनोरा आणि इकडेतिकडे तुकडे. १९३० मध्ये व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरॉल्ड निकोल्सन या लेखक जोडप्याने ही पडीक जागा विकत घेतली. आखणी हॅरॉल्डची, लावणी व्हिटाची. त्याने भिंती आणि यू या सदाहरित झाडाच्या उंच कुंपणांनी सरळ रेषांत खोल्या पाडल्या, तिने त्या खोल्या झाडांनी ओसंडून भरल्या. जागा नावावर होण्याआधीच तिने साउथ कॉटेजच्या भिंतीशी ‘मादाम आल्फ्रेद कॅरिएर’ हा पांढरा चढता गुलाब लावला होता.

तिथे गेल्यावर पहिलं काम मनोऱ्यावर चढायचं. ७८ पायऱ्या आहेत, अरुंद आणि गोल, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी खुशाल खाली थांबावं. पण ज्यांना जमेल त्यांनी आधी वरून बघावं, कारण खालून फिरताना बाग भूलभुलैया वाटते आणि वरून तिचा सांगाडा एका नजरेत उलगडतो. मग प्रत्येक जण आपापल्या वाटेने. प्रसिद्ध श्वेतबाग १९५० च्या आसपास लावलेली. पांढरी फुलं, रुपेरी आणि हिरवी पानं, बाकी रंगाला मज्जाव. ती दुपारी बाराच्या उन्हात बघणाऱ्यांना नेहमी वाटतं, एवढं काय त्यात? हे जोडपं जेवायला त्याच बागेला लागून असलेल्या प्रीस्ट्स हाउसमध्ये जात असे, म्हणजे ही बाग संध्याकाळी ये-जा करताना दिसायची. कलत्या उजेडात पांढरं फूल उठून दिसतं. म्हणून सकाळी दार उघडताना आत जा, मधली गर्दीची वेळ जेवणात आणि भाजीपाल्याच्या बागेकडे घालवा आणि साडेतीननंतर श्वेतबागेत परत या. मधल्या लोखंडी मांडवावरचा रोझा मुलिगानी हा रानगुलाब मात्र जुलैच्या सुरुवातीला बहरतो. तो जूनच्या मध्यात दिसला नाही तर एजंटवर चिडू नका.

जूनमध्ये उजेड रात्री नऊपर्यंत असतो, म्हणून बागाही तोवर उघड्या असतील असं लोक धरून चालतात. बहुतेक बागा पाच-सहाच्या आत दारं लावतात.

ग्रेट डिक्सटर हा पूर्ण वेगळा जीव. सिसिंगहर्स्ट पाहून लगेच दुसऱ्या दिवशी डिक्सटर पाहिलं की बागवाल्यांमध्ये जी वादावादी सुरू होते ती परतीच्या विमानापर्यंत पुरते. नाथॅनिएल लॉइड यांनी १९१० मध्ये ही जुनी वास्तू घेतली आणि एडविन लचन्सकडून ती दुरुस्त आणि मोठी करून घेतली. हेच ते नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन बांधणारे लचन्स. लाकडी चौकटीचं पंधराव्या शतकातलं दालन, त्याला जोडलेलं दुसरीकडून सोडवून आणलेलं जुनं घर आणि मधे लचन्सचं काम, हे सगळं इतिहासवाल्यांनी नीट बघण्याजोगं आहे. पण घर दुपारीच उघडतं, तेव्हा सकाळ बागेत काढा.

नाथॅनिएल यांचा मुलगा ख्रिस्तोफर लॉइड हा विसाव्या शतकातल्या सर्वांत हट्टी माळ्यांपैकी एक. लचन्सने आखलेली गुलाबांची बाग त्याने १९९० च्या दशकात उपटून टाकली आणि तिथे केळी, कर्दळ, डेलिया अशी उष्ण प्रदेशातली ढोबळ पानांची आणि भडक रंगांची झाडं लावली. इंग्लंडातल्या बागप्रेमींना तेव्हा चांगलाच धक्का बसला होता. आपल्याला केळी-कर्दळीचं काय अप्रूप, असं म्हणून पुढे जाऊ नका. थंडीत मरणारी झाडं तिथे दरवर्षी आत ठेवायची किंवा बांधून जपायची आणि पुन्हा बाहेर काढायची, ही मेहनत बघण्यासारखी आहे. जूनमध्ये ती बाग नुकती लावली जात असते, तिचा भर ऑगस्ट-सप्टेंबरात. तुमच्या वेळेला तिथे बघायचा तो लांबलचक मिश्र ताटवा. एक फूल संपत आलं की त्याच्याच शेजारून दुसरं डोकं वर काढतं, अशी लावणी वसंतापासून थंडीच्या तोंडापर्यंत चालते. २००६ मध्ये लॉइड गेले, पण त्यांचे मुख्य माळी फर्गस गॅरेट यांनी ही रीत पुढे नेली आहे. आणि प्रवेशदारातून घराकडे जाताना दुतर्फा गुडघाभर गवत दिसलं की ‘इथे कुणी गवतही कापत नाही का’ असं गटातलं कुणीतरी म्हणतंच. ते मुद्दाम वाढवलेलं कुरण आहे, आणि जूनमध्ये त्यात रानटी ऑर्किड फुललेली असतात. खाली वाकून बघा.

डिक्सटरच्या वाटा अरुंद आहेत. दोघं शेजारी चालायलाही काही ठिकाणी जागा नाही. अठरा जण गाइडच्या मागे रांगेत चालायचं ठरवलंत तर पुढच्या चौघांना ऐकू येईल आणि मागच्या चौदांना पाठी दिसतील. बागेत गट सोडून द्यायचा, हा माझा पक्का नियम आहे. जे सांगायचं ते बसमध्ये वीस मिनिटांत सांगायचं, आत गेल्यावर दोघातिघांनी फिरायचं आणि ठरल्या वेळी ठरल्या बाकाशी भेटायचं. किल्ल्यात मात्र बरोबर उलट. तिथे गाइडशिवाय फिरलं तर दगड, पायऱ्या आणि थंड खोल्या, एवढंच हाती लागतं. तिथे गट एकत्र ठेवा आणि चांगला बोलणारा माणूस आधीपासून बोलावून ठेवा. दोन्ही ठिकाणी एकच पद्धत लावणारे टूर मॅनेजर निम्म्या गटाला रोज कंटाळा आणतात.

डिक्सटरच्याच दिवशी बोडियम कॅसल जोडा, पाच-सहा किलोमीटरवर आहे. आपल्या मंडळींना हा किल्ला लगेच समजतो: चारही बाजूंनी पाण्याचा खंदक, कोपऱ्यांवर गोल बुरूज, वर दातेरी चर्या. सर एडवर्ड डॅलिंग्रिज याला १३८५ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने चर्या बांधायचा परवाना दिला. हो, तटाला चर्या ठेवायला तिकडे राजाची परवानगी मागायची पद्धत होती. महादरवाजाच्या छतात भोकं आहेत, वरून शत्रूवर काहीबाही टाकण्यासाठी. हा खरोखर लढायला बांधलेला किल्ला की नव्या श्रीमंताने मिरवायला बांधलेला, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही, आणि हा वाद गटात लावून द्यायला फार छान आहे. एकेकाळी आपल्याकडे व्हॉइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनने १९१७ मध्ये तो विकत घेतला, डागडुजी केली आणि मृत्यूनंतर, १९२५ मध्ये, तो नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला मिळाला. आत मात्र छप्पर नाही. नुसत्या भिंती. वेळापत्रक जुळलं तर टेंटरडनहून बोडियमपर्यंत वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी धावते. ती रोज नसते, पण मिळाली तर बस पुढे पाठवून सगळ्यांनी तिने जावं.

छपराचा मुद्दा मी मुद्दाम काढला. इंग्लंडात पाऊस कधीही येतो, आणि ‘पाऊस आला तर किल्ला बघू’ असं म्हणणाऱ्यांना सगळ्या किल्ल्यांना छप्पर असतं असं वाटतं. बोडियम आणि स्कॉटनीचा जुना किल्ला हे पावसाचे नव्हेत. हीव्हर, लीड्स आणि थोडा दूरचा डोव्हर हे पावसाचे. डोव्हरला दुसऱ्या हेन्रीने ११८० च्या दशकात बांधलेला बालेकिल्ला आहे, आणि खडकाच्या पोटातले बोगदे, जिथून १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधल्या डंकर्कला अडकलेल्या सैन्याची सुटका आखली गेली. एक दिवस त्यासाठी मोकळा ठेवा आणि तो कधी वापरायचा ते हवामान बघून आदल्या संध्याकाळी ठरवा. त्यासाठी त्या दिवसाचं काहीही आगाऊ बुक नसावं.

हीव्हर हे तुमच्या गटासाठी सगळ्यात बिनतक्रार ठिकाण, कारण तिथे दोन्ही पक्षांचं समाधान एकाच कुंपणात होतं. खंदकाने वेढलेलं छोटंसं गढीवजा घर, मूळ तेराव्या शतकातलं. आठव्या हेन्रीची दुसरी राणी अ‍ॅन बोलिन हिचं बालपण इथे गेलं. १५३६ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. तिच्या हस्ताक्षरातल्या ओळी असलेल्या प्रार्थनेच्या पोथ्या आत बघायला मिळतात, आणि त्या काचेपाशी गाइडने थोडं थांबायला हवं. बाहेरची बाग मात्र अ‍ॅनच्या काळातली अजिबात नाही. १९०३ मध्ये विल्यम वाल्डॉर्फ अ‍ॅस्टर या अमेरिकन धनाढ्याने हे घर घेतलं, पाहुण्यांसाठी मागे ट्यूडर (म्हणजे अ‍ॅनच्या काळच्या) पद्धतीचं आख्खं ‘गाव’ उभं केलं, इटलीत जमवलेले पुतळे मांडायला इटालियन बाग केली आणि शेकडो मजूर लावून मोठं तळं खोदवलं. म्हणजे जे जुनं वाटतं त्यातलं बरंचसं विसाव्या शतकातलं आहे. काही जणांना हे कळल्यावर फसवणूक वाटते. मला त्यातच गंमत वाटते. बाग किल्ल्याच्या आधी उघडते, तेव्हा सकाळी सरळ तळ्यापर्यंत चालत जा आणि परत येताना घरात शिरा.

स्कॉटनीला अर्धा दिवस पुरे, पण तो चुकवू नका. बागेचं चित्र बनवण्यासाठी किल्ला मोडणारा मालक दुसरीकडे क्वचित भेटेल. एडवर्ड हसी यांनी १८३७ पासून टेकडीवर नवं घर बांधायला घेतलं, त्याचा दगड खालच्या उतारावरून काढला, त्या खाणीच्या खड्ड्यात बाग केली आणि दरीतल्या जुन्या खंदकी किल्ल्याच्या वाड्याचा काही भाग पाडून त्याचं रम्य भग्नावशेष करून टाकलं. वरच्या घरातून बघितलं की सगळं एका चौकटीत बसतं. तुमच्या तारखांना ऱ्होडोडेंड्रॉन संपलेले असतील, पण काल्मिया या झुडपाची गुलाबी फुलं मिळण्याची शक्यता चांगली आहे. उतार लक्षात ठेवा: खाली जाणं सोपं, चहाला वर येताना धाप लागते.

लीड्स कॅसल घाईतही चालेल. (तो लीड्स शहरात नाही, केंटमध्येच आहे. गाडीच्या नॅव्हिगेशनमध्ये नाव टाकताना जपा.) तळ्यातल्या दोन बेटांवरचा हा किल्ला बाहेरून इतका देखणा आहे की आत गेल्यावर थोडं उणंच वाटतं. आतली सजावट बरीचशी लेडी बेली यांनी १९२६ मध्ये किल्ला घेतल्यानंतरची आहे.

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी विंडसर करा, कारण ते हीथ्रोच्या जवळ आहे. सकाळी किल्ला आणि दुपारी विंडसर ग्रेट पार्कमधली सॅव्हिल गार्डन, म्हणजे शेवटच्या दिवशीही कुणी रुसत नाही. पहिल्या दिवशी जेट लॅगमध्ये लंडनचं क्यू गार्डन्स हे वनस्पती उद्यान उरकायचा बेत एजंट करतात तो मात्र मोडून काढा. १८४८ मध्ये पूर्ण झालेलं पाम हाउस हे तिथलं काचघर झोपाळलेल्या डोळ्यांनी बघण्यात काय अर्थ? क्यू दुसऱ्या दिवशी ठेवा.

बसचं थोडं सांगतो, कारण बेत बहुतेक वेळा तिथेच फसतो. ब्रिटनमध्ये गटाची बस चालवणाऱ्याला नियमाने साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसात साधारण नऊ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही आणि दोन दिवसांच्या मधे सर्वसाधारणपणे ११ तासांची सुट्टी लागते. ती आठवड्यातून मोजक्या वेळा कमी करता येते. म्हणजे रात्री दहाला हॉटेलवर सोडलंत तर सकाळी आठची वेळ देऊ नका. गयावया करून उपयोग नाही, त्याचं लायसन्स पणाला लागलेलं असतं. आणि अठरा जणांना पन्नास आसनांची बस घेऊ नका. केंटच्या गल्लीवजा रस्त्यांवर दोन्हीकडून झाडोऱ्याची भिंत असते, समोरून ट्रॅक्टर आला की मोठी बस मागे घेता घेता अर्धा तास जातो. पंचवीसेक आसनांची, सामानाला जागा असलेली बस बघा.

दिवसाला दोन ठिकाणं, तिसरं कधीच नाही. जेवणाची जागा आधी सांगून ठेवा. अठरा माणसं अचानक आली तर तिथल्या छोट्या टी-रूमची तारांबळ उडते आणि तुमचा तास जातो. प्रत्येक ठिकाणी आत शिरताना स्वच्छतागृह कुठे आहे ते सगळ्यांना दाखवा. हसू नका, सत्तरीच्या माणसाची बाग त्यावर अवलंबून असते.

डिक्सटर आणि सिसिंगहर्स्टला रोपं विकत मिळतात आणि मोह अनावर होतो. रोपं, कंद, बिया भारतात आणायला आयात परवाना आणि तिथल्या सरकारी यंत्रणेचा वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. पर्समध्ये लपवलेला कंद विमानतळावर जप्त होऊ शकतो. आणि खरं सांगायचं तर तिथल्या थंडीवर वाढलेली डेल्फिनियम आपल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत.

पासांच्या भानगडीत पडू नका. सिसिंगहर्स्ट, स्कॉटनी, बोडियम नॅशनल ट्रस्टकडे, डोव्हर इंग्लिश हेरिटेज या दुसऱ्या संस्थेकडे, तर हीव्हर, लीड्स, डिक्सटर स्वतंत्र. इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठीचा पास नऊ आणि सोळा दिवसांचा मिळतो, पण एका डोव्हरसाठी तो घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा गटाचा दर मागा. बहुतेक ठिकाणी तो १५ किंवा अधिक माणसांना मिळतो.

आणि इथेच तुमचा खरा धोका आहे. तुम्ही अठरा आहात. व्हिसाचा अर्ज प्रत्येकाचा वेगळा, निर्णयही वेगळा, आणि अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो. म्हणजे जूनच्या मध्यासाठी मार्चच्या मध्यापासून. गटाची हॉटेलं आणि बागांच्या वेळा मात्र जानेवारीतच पकडाव्या लागतात. एक-दोघांना व्हिसा नाकारला, एकाचं दुखणं निघालं, एक जोडपं घरच्या कारणाने गळालं, की तुम्ही तेराचौदावर येता, गटाचा दर जातो आणि बसचा खर्च उरलेल्यांवर वाटला जातो. त्यामुळे पहिला हप्ता भरण्याआधी एजंटकडून तीन गोष्टी लेखी घ्या: गट पंधराच्या खाली गेला तर माणशी किती वाढेल, व्हिसा नाकारल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतील, आणि मुक्कामाचं हॉटेल व बसचा आकार ऐनवेळी बदलायचा अधिकार त्याने स्वतःकडे ठेवला आहे का. तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर दुसरा एजंट बघा.